प्रादेशिक जेटचा क्रूझ वेग आणि चढण यांची तुलना कशी करायची: जळगावचा हिशेब घेऊन

धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर किंवा शिरपूरला विमान उडवायला शिकणाऱ्यांना, आणि जळगाव विमानतळावर उतरणारं प्रत्येक विमान नजरेत ठेवणाऱ्यांना, एक प्रश्न हमखास पडतो: कोणतं प्रादेशिक जेट जास्त वेगवान आणि कोणतं लवकर वर जातं? जळगावला २०२४ पासून फ्लाय९१ची एटीआर-७२ येते, म्हणजे पंख्याचं टर्बोप्रॉप विमान. जेट बघायचं तर स्टार एअरच्या ताफ्यात दोन प्रकार आहेत, ५० आसनांचं एम्ब्राएर ईआरजे-१४५ आणि ७६ आसनांचं ई-१७५. या दोघांची आणि बॉम्बार्डियरच्या सीआरजे या प्रादेशिक जेट कुटुंबाची तुलना करताना लोक माहितीपत्रकातले दोन आकडे उचलतात, शेजारी शेजारी ठेवतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. तो निकाल बहुतेक वेळा चुकतो, कारण ते दोन आकडे एकाच परिस्थितीतले नसतात.

खाली दिलेली रीत पाळायला वही, वर्गमूळ काढता येणारा कॅल्क्युलेटर आणि एक-दोन मोफत मिळणारी कागदपत्रं एवढं पुरतं.

पायरी १: विमानाचं पूर्ण नाव लिहा

नुसतं "ईआरजे-१४५" लिहून चालत नाही. त्यात ईपी, एलआर, एक्सआर असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कमाल टेकऑफ वजन वेगळं. एलआरचं २२,००० किलो आहे. एक्सआर त्याहून दोन टनांनी जड, त्याला पंखांच्या टोकाला विंगलेट, आणि त्याची कमाल मॅक मर्यादासुद्धा ०.७८ ऐवजी ०.८० (मॅक म्हणजे काय ते पायरी २ मध्ये). सीआरजे-२०० मध्ये ईआर आणि एलआर, ई-१७५ मध्येही तसंच. दुसऱ्याच प्रकाराचा आकडा उचलला गेला तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

हे आकडे घेण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे विमानाच्या प्रमाणपत्रासोबतचा आकड्यांचा तक्ता. अमेरिकेची एफएए आणि युरोपची ईएएसए या विमानांना प्रमाणपत्र देणाऱ्या दोन्ही संस्था ती संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यातून पाच गोष्टी वहीत उतरवा: कमाल टेकऑफ वजन, कमाल सूचित वेग (वैमानिकासमोरच्या वेगमापकावर दिसणारा), कमाल मॅक, कमाल उंची आणि इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर. सुरुवातीला हे आकडे हाताशी असू द्या:

ईआरजे-१४५ एलआर: २२,००० किलो, कमाल मॅक ०.७८, कमाल उंची ३७,००० फूट.
सीआरजे-२०० एलआर: सुमारे २४,०४० किलो, कमाल उंची ४१,००० फूट.
सीआरजे-९०० एलआर: सुमारे ३८,३३० किलो, कमाल उंची ४१,००० फूट.
ई-१७५ एलआर: ३८,७९० किलो, कमाल मॅक ०.८२, कमाल उंची ४१,००० फूट.

कमाल उंचीबद्दल इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या. ४१,००० फूट ही प्रमाणपत्रातली परवानगी असते. ती केबिनमधल्या हवेच्या दाबासारख्या गोष्टींवरही ठरते. पूर्ण भरलेलं विमान, गरम दिवशी, त्या उंचीपर्यंत पोचेलच असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

पायरी २: मॅकचं नॉटमध्ये रूपांतर करा

जेटचा क्रूझ वेग, म्हणजे वर पोचल्यावर सपाट उडतानाचा वेग, मॅकमध्ये सांगतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो, त्यामुळे एकच मॅक वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळे नॉट (तासाला नॉटिकल मैल) देतो. हिशेब असा: बाहेरच्या तापमानात २७३ मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा, ३९ ने गुणा. आला ध्वनीचा वेग, नॉटमध्ये. त्याला मॅकने गुणलं की खरा हवाई वेग.

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना जवळजवळ २ अंश उतरतात. ३५,००० फुटांवर येतात उणे ५४. म्हणजे २१९, वर्गमूळ १४.८, गुणिले ३९ बरोबर ५७७ नॉट. आता मॅक ०.७८ म्हणजे ४५० नॉट, ताशी ८३३ किलोमीटर. मॅक ०.७४ म्हणजे ४२७ नॉट, ताशी ७९१ किलोमीटर.

आपल्याकडे ३५,००० फुटांवर हवा प्रमाणापेक्षा गरम असणं अगदी नेहमीचं. उणे ५४ ऐवजी उणे ४० धरा. ध्वनीचा वेग ५९५ नॉट होतो आणि तोच मॅक ०.७८ आता ४६४ नॉट देतो. म्हणजे गरम हवेत तेच विमान १४ नॉटने वेगवान? त्याच मॅकला, हो. पण गरम हवेत इंजिनाचा थ्रस्ट कमी पडतो, त्यामुळे तो मॅक टिकेल की नाही हा प्रश्न उरतो. म्हणून नॉटमधला आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या उंचीवर आणि कोणत्या तापमानाला?

दुसरा प्रश्न: हा कोणता क्रूझ? कमाल मॅक ही ओलांडू नये अशी सीमा आहे. त्याच्या खाली येतो जलद क्रूझ, आणि त्याच्याही खाली कमी इंधनाचा लांब पल्ल्याचा क्रूझ. सीआरजे-२०० चं उदाहरण घ्या. माहितीपत्रकात मॅक ०.८१ दिसतो, पण रोजच्या उड्डाणात ते ०.७४ च्या आसपास चालवतात. एका विमानाचा ०.८१ आणि दुसऱ्याचा रोजचा ०.७५ अशी तुलना केली तर ती तुलनाच नव्हे. दोन्हीकडे "नेहमीचा" घ्या किंवा दोन्हीकडे "कमाल" घ्या.

पायरी ३: कमी उंचीवर मॅक विसरा, सूचित वेग बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खानदेशातून होणाऱ्या छोट्या उड्डाणांसाठी नेमकी हीच महत्त्वाची.

प्रत्येक जेटला दोन सीमा असतात. कमी उंचीवर सूचित वेगाची, जास्त उंचीवर मॅकची. ईआरजे-१४५ आणि ई-१७५ या दोघांची १०,००० फुटांच्या वरची सूचित वेगाची सीमा ३२० नॉट आहे. २५,००० फुटांवर ३२० नॉट सूचित म्हणजे मॅक ०.७६. म्हणजे त्या उंचीवर दोघांनाही मॅक ०.७८ गाठायची मुभाच नाही, कारण त्याला ३२८ नॉट सूचित वेग लागेल. ई-१७५ ची कमाल मॅक ०.८२ आणि ईआरजे-१४५ ची ०.७८ हा फरक २५,००० फुटांवर पूर्णपणे नाहीसा होतो. जळगाव-मुंबईसारख्या अंतरावर विमान फारसं त्याच्या वर जातच नाही.

पायरी ४: चढणीचे दोन आकडे वेगळे ठेवा

चढण मोजायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना लोक "क्लाइंब" म्हणतात. एक, चढणीचा दर: मिनिटाला किती फूट. दुसरी, चढणीचा उतार: पुढे शंभर फूट गेल्यावर किती फूट वर, टक्क्यांत. वेळ आणि इंधनासाठी दर बघायचा. समोर डोंगर असेल किंवा एक इंजिन बंद पडलं असेल, तर उतार. दोघांना जोडणारा हिशेब सोपा आहे: खरा वेग नॉटमध्ये, गुणिले १०१.३, गुणिले उतार. १४० नॉटला २.४ टक्के उतार म्हणजे मिनिटाला ३४० फूट.

चढण येते कुठून? इंजिनाच्या थ्रस्टमधून हवेचा अडथळा, म्हणजे ड्रॅग, वजा केला की जे उरतं त्यातून. त्याला वजनाने भागलं की उतार मिळतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढणारे भरलेले ट्रक डोळ्यांपुढे आणा. सपाटीवर सगळे साठ-सत्तरने पळतात, कोणाच्या इंजिनात किती दम आहे ते कळत नाही. घाट लागला की कळतं, कारण तिथे सपाटीवर चालून झाल्यावर उरलेली ताकद कामाला येते. विमानाचंही तसंच. क्रूझ वेग जवळपास सारखा असलेली दोन जेट चढणीत खूप वेगळी निघू शकतात.

उरलेली ताकद ही वजाबाकी असल्यामुळे ती फार नाजूक असते. समजा एक इंजिन बंद आहे आणि चालू इंजिनाचा थ्रस्ट वजनाच्या १३.५ टक्के आहे, ड्रॅग १० टक्के. उतार ३.५ टक्के. आता उन्हामुळे थ्रस्ट दहा टक्क्यांनी घटला. १३.५ चे झाले १२.१५. ड्रॅग तेवढाच. उतार उरला २.१५ टक्के. थ्रस्ट दहा टक्के गेला आणि चढण जवळजवळ चाळीस टक्के गेली. हे गणित एकदा स्वतः हाताने करून बघा, मग पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पायरी ५: थ्रस्ट आणि वजनाचं गुणोत्तर काढा, पण त्यावर थांबू नका

सगळ्या इंजिनांचा थ्रस्ट बेरीज करून कमाल वजनाने भागायचा. दोन्ही आकडे पौंडांत घ्या. किलोचे पौंड करायला २.२०५ ने गुणा.

सीआरजे-२०० एलआरच्या एका इंजिनाचा नेहमीचा टेकऑफ थ्रस्ट ८,७२९ पौंड. दोन इंजिनांचा १७,४५८. वजन ५३,००० पौंड. गुणोत्तर ०.३२९.

सीआरजे-९०० एलआरचा नेहमीचा थ्रस्ट एका इंजिनाला सुमारे १३,३६० पौंड. दोन इंजिनांचा २६,७२०. वजन ८४,५०० पौंड. गुणोत्तर ०.३१६.

पण सीआरजे-९०० साठी अनेक ठिकाणी १४,५१० पौंड असा आकडा छापलेला असतो. तो राखीव थ्रस्ट आहे. टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तर दुसरं आपोआप तिथपर्यंत वाढतं. तो आकडा घेतला तर गुणोत्तर ०.३४३ येतं आणि क्रम उलटा होतो. सीआरजे-२०० लाही राखीव थ्रस्ट आहे, ९,२२० पौंड, पण त्याच्या तक्त्यात बहुधा ८,७२९ च दिसतो. एकाचा नेहमीचा आणि दुसऱ्याचा राखीव, अशी गल्लत फार होते. डेटा शीटमध्ये दोन्ही वेगळे दिलेले असतात, तिथूनच घ्या.

बरं, नेहमीच्या थ्रस्टनुसार सीआरजे-२०० पुढे आहे. मग ते जास्त चांगलं चढतं का? खाली, सुरुवातीला, ठीक. वर मात्र नाही. ३०,००० फुटांच्या वर, विशेषतः गरम हवेत, सीआरजे-२०० हळूहळू रखडतं, आणि सीआरजे-९०० त्याच्यापेक्षा सहज वर जातं. कारण हा सगळा थ्रस्ट समुद्रसपाटीला, विमान उभं असताना मोजलेला आहे. उंची आणि वेग वाढला की तो घटतो, आणि इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून जाणाऱ्या हवेचं प्रमाण जितकं जास्त, तितका जास्त घटतो. सीआरजे-२०० च्या इंजिनात हे बायपास प्रमाण ६.२ आहे, सीआरजे-९०० च्या इंजिनात ५ च्या आसपास. पंखांचाही फरक आहे. गुणोत्तर हा पहिला अंदाज आहे, त्याच्या पुढची पायरी करावीच लागते.

पायरी ६: चढण चार तुकड्यांत मोजा

"मिनिटाला ३,००० फूट" हा सुरुवातीचा दर असतो. तो धरून ३५,००० फूट १२ मिनिटांत गाठू असं समजू नका. प्रादेशिक जेटला त्या उंचीसाठी साधारण २० मिनिटं धरणं शहाणपणाचं, म्हणजे सरासरी १,७५० फूट.

तुकडे असे पाडा: जमिनीपासून १०,००० फूट, तिथून २०,०००, तिथून ३०,०००, आणि तिथून क्रूझ उंची. युरोपची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या युरोकंट्रोल संस्थेच्या मोफत एअरक्राफ्ट परफॉर्मन्स डेटाबेसमध्ये टप्पे पाडून (त्यांच्या उंच्या थोड्या वेगळ्या) प्रत्येक विमानाचा वेग आणि चढणीचा दर दिलेला आहे. सुरुवातीची तुलना तिथून करा. ते आकडे ठोकताळ्याचे आहेत, वजन त्यात सांगितलेलं नसतं, हे लक्षात असू द्या.

विमानाचा मागोवा दाखवणाऱ्या अॅपवरून स्वतः मोजायचं असेल तर पुढच्या गोष्टी आलेखावर ओळखता आल्या पाहिजेत.

१०,००० फुटांच्या खाली वेग २५० नॉटवर बांधलेला असतो. तिथे पोचलं की विमान नाक खाली घेऊन २७० ते २९० नॉटपर्यंत वेग वाढवतं. त्या अर्ध्या-एक मिनिटात चढणीचा दर हजाराच्याही खाली येतो. इंजिन कमजोर म्हणून तसं होत नाही. तेवढा थ्रस्ट वेग वाढवण्यात खर्च होतो. हा भाग सरासरीतून वगळा.

त्यानंतर विमान एकाच सूचित वेगाने चढतं आणि दर सतत उतरत जातो. सूचित वेग स्थिर ठेवला तरी हवा विरळ होत असल्याने खरा वेग वाढत असतो, आणि त्यालाही ताकद लागते. मग एका उंचीवर सूचित वेग सोडून मॅक धरतात. २९० नॉट आणि मॅक ०.७४ अशी जोडी असेल तर ही उंची २८,२०० फुटांच्या आसपास येते. इथे एक गमतीची गोष्ट दिसते. मॅक स्थिर ठेवून चढताना हवा गार होत जाते, खरा वेग थोडा कमी होत जातो, आणि वाचलेली ताकद चढणीला मिळते. आलेखावर दर थोडा उसळी मारून वर येतो. ती उसळी दिसली की समजायचं, मॅक धरला.

अॅपवर चढणीचा दर ६४ फुटांच्या पटीत उड्या मारतो, कारण विमानातून तो तसाच पाठवला जातो. एका क्षणाचा आकडा घेऊ नका. दोन उंचींमधला वेळ मोजा आणि भागाकार करा.

आणखी एक अडचण. विमान कमजोर असल्याने हळू चढतंय की वैमानिकाने मुद्दाम थ्रस्ट कमी ठेवलाय, हे अॅप सांगत नाही. इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून कमी थ्रस्टने चढणं ही रोजची पद्धत आहे. ई-१७५ सारख्या एम्ब्राएर ई-जेटमध्ये चढणीसाठी क्लाइंब-१ आणि क्लाइंब-२ अशा दोन पातळ्या असतात. पावसाळ्यात ढगांतून जाताना बर्फरोधक यंत्रणा चालू असते, ती इंजिनातलीच गरम हवा खाते, तेवढी चढण कमी होते. म्हणून एका उड्डाणावरून मत बनवू नका. त्याच मार्गाची किमान दहा उड्डाणं घ्या.

चढणीचा दर हट्टाने धरला तर काय होतं

ऑटोपायलटला दोन प्रकारे चढायला सांगता येतं: हा वेग धर, किंवा मिनिटाला एवढे फूट चढ. दुसऱ्या प्रकारात विमान चढणीचा दर जपतं आणि ताकद कमी पडली तर वेगाचा बळी देतं. १४ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेत एक रिकामं सीआरजे-२०० दुसऱ्या विमानतळावर न्यायचं होतं. वैमानिकांनी ते ४१,००० फुटांपर्यंत मिनिटाला ५०० फूट या दराने चढवलं. वर पोचेपर्यंत वेग धोकादायक कमी झाला होता. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेना, दोन्ही इंजिनं बंद पडली, पुन्हा सुरू झाली नाहीत, आणि दोघेही वैमानिक गेले. विमानाला त्या उंचीची परवानगी होती, आणि ते रिकामं, म्हणजे हलकंही होतं. म्हणूनच कमाल उंचीचा आकडा शेजारच्या चढणीच्या दराशिवाय वाचू नये, आणि सिम्युलेटरवर सराव करतानासुद्धा वर जाताना वेग धरूनच चढायची सवय लावावी.

पायरी ७: जळगावची मे महिन्यातली दुपार घाला

खानदेशात राहून ही पायरी सोडली तर बाकीच्या सगळ्या वाया.

विमानतळाची उंची हिशेबासाठी ८०० फूट धरू. या उंचीला प्रमाण तापमान १३.४ अंश. मे महिन्यात दुपारी ४४ अंश असले तर फरक ३०.६ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३,६७२ फूट. ८०० मिळवा, झाले सुमारे ४,४७०. याला घनता-उंची म्हणतात. म्हणजे त्या दुपारी जळगावची हवा विमानाला जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते. त्यात मे महिन्यात हवेचा दाब प्रमाणापेक्षा कमी असतो, त्यामुळे आणखी दोन-तीनशे फूट वाढतात.

इंजिनावर परिणाम दुहेरी. एक तर ही विरळ हवा, दुसरं म्हणजे तापमान. बहुतेक जेट इंजिनं समुद्रसपाटीला साधारण ३० अंशांपर्यंत ठरलेला पूर्ण थ्रस्ट देतात. त्याच्या वर आतलं तापमान मर्यादेत ठेवण्यासाठी थ्रस्ट कमी करावा लागतो. ४४ अंश म्हणजे त्या रेषेच्या खूप पलीकडे.

आता पायरी ४ मधलं गणित परत काढा. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद असताना, चाकं आत घेतल्यावर, किमान २.४ टक्के उतार मिळालाच पाहिजे असा नियम आहे. आपल्या उदाहरणात उन्हामुळे तो २.१५ वर आला होता. उपाय एकच, वजन कमी करणं. थ्रस्ट वजनाच्या १२.४ टक्के व्हायला हवा, म्हणजे वजन जवळपास दोन टक्क्यांनी उतरवा. ३८,७९० किलोच्या विमानाचे सुमारे ७८० किलो. सामानासकट माणशी ९५ किलो धरले तर आठ प्रवासी खाली राहिले. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर असल्याने, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा अडथळा याहून जास्त उतार मागू शकतो.

आणि हे झालं हवेतलं. त्याआधी धावपट्टी आहे. जळगावची साधारण १,७०० मीटर. ईआरजे-१४५ एलआर आणि ई-१७५ दोघांनाही पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, १५ अंशांत २,२०० मीटरच्या वर धावपट्टी लागते. मे महिन्याच्या दुपारी आणखी जास्त. म्हणजे इथून जेट न्यायचं तर आधी धावपट्टीमुळे वजन कापायचं, मग चढणीमुळे, आणि दोन्हींपैकी जो आकडा कमी असेल तो धरायचा. एटीआर-७२ ला पूर्ण वजनाला १,३०० मीटरच्या आसपास पुरतात. जळगावला तेच विमान का येतं याचं उत्तर बरंचसं या दोन आकड्यांत आहे.

धावपट्टीचा हिशेब तुम्हाला करायचा असेल तर निर्मात्याचं एअरपोर्ट प्लॅनिंग मॅन्युअल उतरवून घ्या. एम्ब्राएरची ती मोफत मिळतात. त्यात टेकऑफचे आलेख असतात, प्रमाण तापमानाला एक आणि १५ अंश वरच्या तापमानाला दुसरा. आलेखात डाव्या बाजूला १,७०० मीटरवर पट्टी ठेवा, आडवी रेघ मारा, तुमच्या उंचीच्या वक्राला जिथे मिळेल तिथून खाली उतरा, वजन वाचा. आपल्याला ३० अंश वरचं तापमान हवंय, पण आलेख बहुधा १५ पर्यंतच असतो. पुढे अंदाजाने रेघ वाढवू नका. थ्रस्टची घट सरळ रेषेत होत नाही. तिथे फक्त "याहून कमी" एवढंच लिहा.

पायरी ८: खऱ्या मार्गावर मिनिटं मोजा

जळगाव-मुंबई सरळ रेषेत सुमारे १९० नॉटिकल मैल. क्रूझ २५,००० फुटांवर धरू. चढणीत ७० मैल जातात. उतरताना दर हजार फुटांना तीन मैल, म्हणजे ७५. क्रूझला उरले ४५ मैल. एक विमान मॅक ०.७० ने, दुसरं ०.७५ ने. त्या उंचीवर हे ४२१ आणि ४५२ नॉट होतात. ४५ मैलांत फरक २६ सेकंदांचा.

आता दोघांचा क्रूझ सारखा ठेवा आणि एकाला त्याच उंचीवर पोचायला चार मिनिटं जास्त लागू द्या. चढताना सरासरी ३६० नॉट धरले तर त्या चार मिनिटांत ते २४ मैल पुढेही जातं. तेवढं अंतर क्रूझला ३.२ मिनिटांत झालं असतं. तोटा सुमारे ४९ सेकंद. क्रूझमधल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती चारही मिनिटं इंजिन क्रूझच्या दीडपट ते दुप्पट इंधन पीत असतं.

दिल्लीसाठी अंतर ४६५ मैल, क्रूझ ३५,००० फुटांवर. चढण आणि उतरण मिळून २३० मैल गेले, २३५ उरले. मॅक ०.७४ आणि ०.७८ मध्ये ३३ आणि ३१.३ मिनिटं. फरक पावणेदोन मिनिटांच्याही आत.

खऱ्या उड्डाणावर हे पडताळताना जमिनीवरचा वेग आणि हवेतला वेग यांची गल्लत करू नका. अॅपवर जमिनीवरचा वेग दिसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर ३५,००० फुटांच्या आसपास पश्चिमेकडून १०० नॉटचं वारं असणं नेहमीचं आहे. पूर्वेकडे जाणारं विमान ५५० नॉट दाखवेल आणि परत येताना ३५०. जाणं-येणं दोन्हीची सरासरी घ्या, तीही त्याच दिवसाची, शक्यतो तीन-चार तासांच्या आतली. मार्ग वाऱ्याला आडवा असेल तर सरासरीसुद्धा थोडी कमीच येते, एवढी चूक धरून चाला.

पायरी ९: एकाच विमानाची दोन वेळांना तुलना करा

दोन विमानांची तुलना पूर्ण झाली की तोच तक्ता एकाच विमानासाठी दोनदा भरा, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला. मे महिन्यात पहाटे जळगावला २७ अंश धरा. फरक १३.६ अंश, घनता-उंची सुमारे २,४३०. दुपारच्या ४,४७० पेक्षा दोन हजार फुटांनी कमी, आणि इंजिन त्याच्या ३० अंशांच्या रेषेच्या आत. म्हणजे पूर्ण थ्रस्ट मिळतो. दुपारी खाली ठेवलेले आठ प्रवासी सकाळी बसू शकतात. तक्त्यात विमानाच्या नावाशेजारी उड्डाणाची वेळ आणि तापमान यांचे दोन रकाने ठेवा, आणि कोणी तुम्हाला चढणीचा आकडा सांगितला तर तो लिहिण्याआधी हे दोन रकाने भरून घ्या.